सुटं होणारं स्वयंपाकघर

परवा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने आपल्या नव्या स्वयंपाकघराचे फोटो दाखवले. पांढरीशुभ्र कपाटं, काळा ग्रॅनाइट, हात लावला की आवाज न करता मिटणारे ड्रॉवर. सगळ्यांनी वाखाणलं. मीही वाखाणलं आणि मग सवयीने विचारलं, "हे सुटं होतं का रे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सुटं कशाला करायचं? आताच तर बसवलंय!"

मंडळी, हाच प्रश्न १५ वर्षांपूर्वी मला कोणी विचारला असता तर मीही असाच बघत राहिलो असतो. आता मात्र कोणी स्वयंपाकघर करायला काढलं की रंग, हँडल, चिमणी यांच्याआधी मी हेच विचारतो. लोकांना तो माझा विक्षिप्तपणा वाटतो. तो का नाही हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

तर झालं असं. २००८ साली आम्ही फोंड्यात फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना तीन फुटी. स्वयंपाकघर आठ बाय सहाचं आणि त्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत माळा. कारकुनाच्या पगारात बसलं ते एवढंच. पुढच्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या सोसायटीचं कर्ज काढून ओट्याखाली आणि भिंतीवर कपाटं करून घेतली. सुतार भला माणूस होता. प्लायवूडचे तक्ते घरातच कापले, फेव्हिकॉल लावला, खिळे ठोकले, पाठीमागचा पातळ प्लाय थेट भिंतीला टेकवून मारला आणि वर सनमायका चिकटवला. तेवीस दिवस घरात भुसा आणि ठोकठोक. पण काम झालं तेव्हा ते असं घट्ट की बायको म्हणाली, "भूकंप आला तरी हे हलणार नाही." हे ऐकून मला भारी समाधान वाटलं होतं.

२०२२ च्या जुलैमध्ये वरच्या मजल्याच्या न्हाणीचा पाइप आमच्या भिंतीत फुटला. आधी एक ओला डाग, मग कपाटात कुबट वास, मग डाळीच्या डब्यांवर बुरशी. प्लंबर आला. दोन मिनिटं बघून म्हणाला, पाइप कपाटाच्या मागे आहे, कपाट काढा. आता काढायचं कसं? स्क्रू कुठेच नव्हता. मूळचा सुतार गाव सोडून गेला होता. दुसरा मेस्त आणला. त्याने कपाटावर टकटक केलं, आत डोकं घालून पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, हें मोडूंकच जाय."

आणि मोडलं. पहारेने. भिजला होता फक्त मागचा पातळ प्लाय आणि एक बाजू. बाकी सगळं धडधाकट होतं. पण खिळा आणि गोंद यांना 'एवढंच काढा' हे कळत नाही. एक तक्ता ओढला की शेजारचे दोन फाटत होते. पाइपची दुरुस्ती पाऊण तासात झाली, मोडतोडीला अख्खा दिवस गेला. संध्याकाळी जिन्याखाली आमच्या स्वयंपाकघराचा ढिगारा पडला होता. त्याला जळणासाठीसुद्धा कोणी हात लावेना, कारण सनमायका आणि गोंदाचा धूर चुलीत कोणाला हवा?

हे सगळं माझी आई खुर्चीत बसून बघत होती. ती आदल्या वर्षीच गावाहून आमच्याकडे राहायला आली होती. तिच्यासोबत तिचं जाळीचं कपाट आलं होतं, आणि त्या दोन कपाटांमुळेच मला हा विषय सुचला.

आईचं कपाट १९७६ चं, तिच्या लग्नाच्या वर्षी डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या मेस्ताने केलेलं. फणसाचं लाकूड, दोन्ही दारांना तारेची जाळी, खाली मांजर शिरू नये म्हणून घट्ट बसणारा कप्पा. दूध, सोलकढी, आदल्या दिवशीचं हुमण सगळं त्यात. उंची जवळजवळ सहा फूट. २०२१ मध्ये आई पाय घसरून पडली, गावी तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं, आणि ती म्हणाली, येते, पण कपाट घेऊन. मी जिना आठवून घाबरलो. पण गावच्या त्या मेस्ताचा पुतण्या आला, त्याने लाकडी हातोडीने खालून चार टोले दिले, बाजूच्या चार पाचरी बाहेर आल्या आणि कपाट उलगडलं! दोन बाजू, चार फळ्या, दोन दारं, एक माथा. वीस मिनिटं. छोट्या टेम्पोत आडवं घातलं, आमच्या जिन्याने एकेक भाग काखेत धरून वर नेला आणि पुन्हा पाचरी ठोकल्या. आत खिळा एक नाही. आज ते कपाट उभं आहे आणि डगमगत नाही.

म्हणजे पंचेचाळीस वर्षांचं कपाट गाव बदलून तिसऱ्या मजल्यावर आलं, आणि तेरा वर्षांचं आधुनिक स्वयंपाकघर एका गळक्या पाइपने जळणाच्याही लायकीचं ठेवलं नाही. आई बोलली काही नाही. पण त्या रात्री जेवताना तिने आपल्या कपाटातून लोणच्याची बरणी काढली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

आपल्याकडे हे ज्ञान नवीन नाही. चवथीची माटोळी घ्या. लाकडी चौकट वर्षभर माळ्यावर पडून असते, चवथीला खाली येते, टांगली जाते, केवणीच्या दोरांनी फळं-पानं बांधली जातात आणि विसर्जन झालं की पुन्हा सुटी होऊन माळ्यावर. चौकट खिळ्यांनी कायमची छताला ठोकावी असं कोणाच्या मनातही येत नाही. जुने पलंगही असेच असत. चार खांब, चार पट्ट्या, जोडाला खुंटी किंवा लोखंडी आकडा. घर लहान, वाटा अरुंद, पावसाळा लांब. अशा मुलखात वस्तू हलवता आली पाहिजे, वाळवता आली पाहिजे, तिचा कुजलेला भाग बदलता आला पाहिजे, हे त्या मेस्तांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

जगातही ही युक्ती जुनीच. मायकेल थोनेट या कारागिराच्या कंपनीने १८५९ साली व्हिएन्नात १४ नंबरची म्हणून प्रसिद्ध झालेली खुर्ची काढली. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावत, आणि पोचतील तिथे जोडल्या जात. मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आठवा, त्या याच घराण्यातल्या. पुढे १९५६ साली आयकियाच्या गिलिस लुंडग्रेन यांना एक टेबल मोटारीत मावेना, म्हणून त्यांनी त्याचे पाय काढले, आणि त्यातून त्या कंपनीचा सपाट खोक्यातला अख्खा धंदा उभा राहिला. तिचं भारतातलं पहिलं दुकान २०१८ मध्ये हैदराबादला उघडलं. आणि आज आपण ज्याला आधुनिक स्वयंपाकघर म्हणतो त्याची आजी १९२६ ची. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफुर्टच्या सरकारी वसाहतींसाठी आखलेलं ते स्वयंपाकघर जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं होतं. आमच्या आठ बाय सहापेक्षा मोठं, पण तरी छोटंच! म्हणजे हा श्रीमंतांचा शौक म्हणून जन्मलेला प्रकार नव्हे. कामगारांच्या छोट्या घरांसाठीच तो जन्मला.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो. मोडतोडीनंतर मी ठरवलं की या वेळी सुटी होणारी कपाटंच घ्यायची. चवथ झाल्यावर एका दुकानात गेलो. विक्रेत्याला विचारलं, "मॉड्युलर म्हणजे सुटं होतं ना?" तो हसून म्हणाला, "सर, मॉड्युलर म्हणजे सुटंच!" मी मान डोलावली, आगाऊ रक्कम भरली. वीस-बावीस वर्षं सरकारी कागद रंगवणाऱ्या माणसाने तोंडी उत्तरावर विश्वास ठेवला, ही माझी चूक.

मॉड्युलरचा अर्थ एवढाच की कपाटं ठरावीक मापाच्या वेगवेगळ्या खोक्यांची असतात आणि खोकी एकमेकांपासून अलग होतात. प्रत्येक खोकं आतून कसं जोडलंय याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. माझी खोकी कारखान्यातच गोंद लावून, दाबून, पक्की करून आली. लहान खोकी वर चढली. धान्य आणि भांड्यांसाठी घेतलेलं उंच कपाट मात्र दोन हमालांनी घामाघूम होत वर आणलं, आडवं करून दारातून आत घातलं आणि उभं करायला लागले तर ते माळ्याला अडकलं. दुकानाचा माणूस म्हणतो, असं कसं होईल साहेब, माळ्याची खालची बाजू ८४ इंचांवर आहे, कपाट ८१ चं!

मी कला शाखेचा पदवीधर. गणिताशी माझं कधी जमलं नाही. पण पायथागोरस आठवला. आडवं कपाट उभं करताना त्याची उंची नव्हे, कर्ण छताखाली मावावा लागतो. ८१ चा वर्ग ६५६१, खोली २४ इंच, तिचा वर्ग ५७६, बेरीज ७१३७, वर्गमूळ जवळजवळ साडेचौऱ्याऐंशी. अर्ध्या इंचाने अडकलं होतं! आणि बाहेरच्या खोलीत उभं करून आत सरकवावं तर दाराची चौकट ८० इंचांची. हमाल दारात, मी कागद-पेन घेऊन जमिनीवर, आई खुर्चीत. शेवटी कपाट आलं तसं खाली गेलं.

आता गंमत पाहा. मी दुकानात जाऊन हट्ट धरला की हेच कपाट जोडाचं करून द्या. आधी म्हणाले होत नाही, मग म्हणाले बघतो, आणि तीन आठवड्यांनी तेच कपाट सपाट तक्त्यांच्या रूपात आलं. एका माणसाने आमच्या स्वयंपाकघरात ते तासाभरात जोडलं. म्हणजे जमत होतं! सुरुवातीलाच का केलं नाही, तर गिऱ्हाइकांपैकी कोणी मागत नाही म्हणून. हा लेख लिहिण्याचं खरं कारण हे वाक्य आहे.

या जोडाचं तंत्र समजायला कठीण नाही. एका तक्त्याच्या अंगात धातूचा छोटा खिळ्यासारखा दांडा पेचाने बसवलेला असतो. दुसऱ्या तक्त्याच्या कडेजवळच्या गोल भोकात एक चकती असते. दांड्याचं डोकं चकतीत जातं, स्क्रूड्रायव्हरने चकती अर्धी फिरवली की ती डोक्याला आत ओढते आणि दोन्ही तक्ते घट्ट भिडतात. शेजारी लाकडी खुंट्या असतात, त्या तक्ते सरकू देत नाहीत. उलटं फिरवलं की जोड सुटला. सुतार याला मिनिफिक्स म्हणतात. मला विचाराल तर हा आमच्या मेस्ताच्या पाचरीचाच धातूचा नातू आहे.

याविरुद्ध बोलणारे बरेच भेटले. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

पहिला आक्षेप मजबुतीचा. गोंदाने जोडलेलं खोकं जास्त ताठ असतं, हे खरं. पण ओट्याखालच्या कपाटाला भूकंप झेलायचा नसतो, कुकर आणि कढया झेलायच्या असतात. पाठीचा तक्ता खाचेत नीट बसवला की खोकं काटकोनात राहतं आणि तेवढं पुरतं. मात्र एक पथ्य आहे. भुशाच्या बोर्डात, म्हणजे पार्टिकल बोर्डात, स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की भोक सैल होतं, आणि सिंकखालचं पाणी लागलं की तो बोर्ड पावासारखा फुगतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गोव्यात सिंकच्या आसपास तो बोर्ड लावणं म्हणजे हौसेने दुखणं आणणं. सुटं होणारं हवं असेल तर चांगला प्लायवूड हवा. थोडे पैसे जास्त जातात, हे मान्य.

दुसरा आक्षेप माझ्या मनाला जास्त लागतो. कोणी म्हणतं, कारखान्याचे तक्ते आले की गावच्या मेस्ताचं पोट गेलं. ही चिंता मलाही आहे. पण मेस्ताचं पोट पाचरीने गेलेलं नाही. आपण त्याच्याकडे 'घट्ट आणि लवकर' एवढंच मागत गेलो, त्याने खिळा आणि गोंद घेतला, आणि जे काम फक्त तोच करू शकत होता ते त्याच्या हातून गेलं. खिळा कोणीही ठोकतो. उलगडणारा जोड करायला कारागीर लागतो. प्लायवूडचे कापलेले तक्ते, पट्टी लावलेल्या कडा आणि हे धातूचे जोड आज फोंड्या-म्हापशातही मिळतात. माझ्या भिंतीवरची कपाटं शेवटी मी गावच्या त्या पुतण्याकडूनच करून घेतली. त्याने मिनिफिक्स हातात घेऊन दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "हें सोंपें." आता त्याला अशी आणखी कामं मिळतात.

तिसरा आक्षेप माझ्या सहकाऱ्याचा: सुटं करायची वेळच कशाला येईल? अहो, येते. पाइप फुटतो. वाळवी लागते. वरचा शेजारी न्हाणी दुरुस्त करायला काढतो. मुलं दुसरीकडे घर घेतात. म्हातारी माणसं गावाहून येतात आणि कधी कधी परत जाऊ म्हणतात. आपण घर बांधतो ते जणू आपण कधी हलणारच नाही अशा थाटात. प्रत्यक्षात आपल्यापैकी अनेकांचे आजोबा एका वाड्यावर, वडील दुसऱ्या गावी आणि आपण तिसऱ्या मजल्यावर असतो.

म्हणून ऑर्डर देताना काय लिहून घ्यावं, ते माझ्या कारकुनी पद्धतीने खाली देतो. तोंडी नको, कागदावर:

१. प्रत्येक खोक्याचे तक्ते सुट्या जोडांनी जोडलेले असतील, गोंद किंवा खिळे वापरले जाणार नाहीत. 'मॉड्युलर' या शब्दावर समाधान मानू नये.

२. सिंकचं कपाट तरी आयएस ७१० या मानकाच्या मरिन प्लायवूडचं असेल. तक्त्यावरचा शिक्का स्वतः बघावा. कापलेल्या सगळ्या कडांना, आतल्यासुद्धा, पट्टी हवी.

३. पाठीचा तक्ता स्क्रूने किंवा खाचेत बसेल आणि भिंतीपासून बोटभर दूर राहील. त्या फटीतून वारा खेळतो. आमचं पहिलं कपाट भिंतीला चिकटल्यानेच आतल्या आत कुजलं.

४. खोकी जमिनीवर न टेकता कमीजास्त उंचीच्या पायांवर उभी राहतील. पुढची पट्टी ओढून काढता येईल. गोव्यातली फरशी वर्षातले चार महिने ओलीच असते.

५. माप घ्यायला येणारा माणूस जिन्याचं वळण, दाराची चौकट आणि माळ्याची उंचीही मोजेल. उंच कपाटाचा कर्ण काढेल. त्याला येत नसेल तर आपण काढावा.

६. नकाशा, तक्त्यांवर क्रमांक, दहा-बारा जास्तीचे जोड आणि चावी एका पिशवीत घालून आपल्याला मिळेल. ती पिशवी ड्रॉवरच्या तळाशी ठेवावी.

७. शेवटची रक्कम देण्याआधी एक खोकं आपल्यासमोर सुटं करून परत जोडून दाखवतील.

सातवी अट ऐकून दुकानदार हमखास नाराज होतात. होऊ द्यावं. जे सुटं करून दाखवता येत नाही ते सुटं होत नाही.

मी हे सगळं करायला एक लाख सत्तर हजार घातले. दुसरं कर्ज. पहिल्या वेळी नीट विचारलं असतं तर ते काढावं लागलं नसतं, ही खंत आहेच. पण गेल्या वर्षी सिंकखालचा नळ गळला तेव्हा मी स्वतः, होय, मी स्वतः, रविवारी सकाळी पिशवीतली चावी काढली, पाठीचा तक्ता सोडवला, प्लंबरला जागा करून दिली आणि दुपारी पुन्हा बसवला. तळाची एक फळी थोडी फुगली होती. तेवढी एकच बदलली.

त्या दिवशी आई तिच्या जाळीच्या कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसली होती. मी जोड फिरवताना तिने बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हें मागीर गांवच्या घरा व्हरूंक मेळटलें मू?"

गावचं घर बंद आहे. कौलं दर मे महिन्यात परतून घेतो एवढंच. आई आता परत तिथे राहायला जाईल असं डॉक्टरांना वाटत नाही. पण निवृत्तीनंतर मी जाईन, असं मला वाटतं. मी तिला म्हटलं, होय, नेता येईल. तुझं आणि माझं, दोन्ही एकाच टेम्पोत.